ऑनलाइन हौशी तपास: गावातून माणूस बेपत्ता झाल्यावर इंटरनेटवर काय घडतं?

एखादी व्यक्ती बेपत्ता झाल्याची बातमी आली की आता दोन तपास सुरू होतात. एक पोलिसांचा, आणि दुसरा मोबाइलच्या पडद्यावरचा. दुसऱ्या तपासात कुणी उपग्रह नकाशा उघडून नदीची खोली ठरवतो, कुणी नातेवाइकांच्या मुलाखतीतले हावभाव तपासतो, तर कुणी थेट घटनास्थळी जाऊन व्हिडिओ करतो. यालाच इंग्रजी जगात ‘वेब स्लूथिंग’ म्हणतात. मराठीत आपण त्याला ऑनलाइन हौशी तपास म्हणू.

अशा तपासामुळे कधी वर्षानुवर्षं न सुटलेली ओळख पटते, तर कधी निर्दोष माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. हा फरक कशामुळे पडतो? ते समजून घ्यायला इंग्लंडमधल्या एका खेड्यात २०२३ साली घडलेलं प्रकरण उपयोगी पडतं, कारण त्यावर पुढे अधिकृत चौकशी झाली आणि तिचा अहवालही जाहीर झाला. त्या महिलेचं नाव या लेखात दिलेलं नाही. विषय समजायला त्याची गरज नाही.

वायर नदीकाठी काय घडलं?

सेंट मायकल्स ऑन वायर हे उत्तर इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं छोटं गाव. गावाजवळून वायर नदी वाहते आणि काठाने शेतांमधून पायवाट जाते. शुक्रवार, २७ जानेवारी २०२३ रोजी सकाळी ४५ वर्षांची एक महिला मुलांना शाळेत सोडून आपल्या कुत्र्याला घेऊन या वाटेवर फिरायला गेली.

फिरता फिरताच ती ९ वाजून १ मिनिटाने कार्यालयाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सामील झाली. साधारण ९ वाजून १० मिनिटांनी तिला शेतात शेवटचं पाहिलं गेलं. साडेनऊला मीटिंग संपली, पण तिचा फोन जोडलेलाच राहिला. त्यानंतर काही मिनिटांतच तिथून जाणाऱ्या एका व्यक्तीला नदीकाठच्या बाकावर फोन दिसला. कुत्रा जवळच मोकळा फिरत होता. ती मात्र कुठेच नव्हती.

शेवटचं दिसणं आणि फोन सापडणं यांत अर्ध्या तासाहूनही कमी वेळ गेला होता. शोध लगेच सुरू झाला. ३ फेब्रुवारीला पोलिसांनी सांगितलं की, ती नदीत पडली असावी असं आम्ही मुख्यतः गृहीत धरलं आहे. तरीही ४० अन्वेषण अधिकारी सुमारे ५०० धागेदोरे तपासत होते.

१९ फेब्रुवारीला, म्हणजे बेपत्ता झाल्यापासून २३ दिवसांनी, नदीच्या खालच्या अंगाला सुमारे एक मैलावर तिचा मृतदेह सापडला. जून २०२३ मध्ये मृत्युचौकशी झाली. इंग्लंडमध्ये संशयास्पद किंवा अनपेक्षित मृत्यूची अशी उघड सुनावणी ‘कॉरोनर’ हा न्यायिक अधिकारी घेतो. कॉरोनर डॉ. जेम्स एडली यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: अपघाती मृत्यू. ती त्याच सकाळी नदीत पडून बुडाली. त्यात दुसऱ्या कुणाचा हात असल्याचा पुरावा नव्हता आणि आत्महत्येचाही नव्हता.

पोलिसांचा पहिल्या आठवड्यातला अंदाज बरोबर होता. तरीही तीन आठवडे इंटरनेटवर दुसरंच काहीतरी चाललं होतं.

चर्चा इतकी का पेटली?

रोज असंख्य माणसं बेपत्ता होतात आणि त्यांतली बहुतेक थोड्याच दिवसांत परततात किंवा सापडतात. त्यांच्यावर देशभर चर्चा होत नाही. या प्रकरणात मात्र काही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे तपशील भरपूर होते. पोलिसांनी मिनिटामिनिटाचं वेळापत्रक जाहीर केलं होतं. साक्षीदार शोधण्यासाठी ते गरजेचंही होतं. पण वेळापत्रक हाती आलं की प्रत्येकाला त्यातली ‘गहाळ दहा मिनिटं’ भरावीशी वाटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा ग्रामीण होती. शहरात सीसीटीव्ही, दुकानं, रिक्षाथांबे आणि वर्दळ असते. तिथल्या घटनेचे तुकडे आपोआप नोंदले जातात. शेतातल्या पायवाटेवर कॅमेरा नसतो आणि साक्षीदार म्हणजे दोनचार माणसं. पुरावा नसला की त्या रिकाम्या जागेत कल्पना शिरते. शिवाय नदीचा प्रवाह, काठाचा उतार, भरती-ओहोटी हे स्थानिकाला सवयीने ठाऊक असतं. बाहेरच्याला नकाशावर फक्त एक निळी रेघ दिसते.

तिसरी गोष्ट म्हणजे खरं उत्तर साधं होतं. ‘पाय घसरून नदीत पडली’ या शक्यतेवर एकच व्हिडिओ होतो. अपहरण, कट, नातेवाइकांवरचा संशय यांवर मात्र रोज नवा भाग करता येतो. टिकटॉक आणि यूट्यूब कोणता व्हिडिओ पुढे ढकलायचा हे लोक तो किती पाहतात यावर ठरवतात, तो किती खरा आहे यावर नाही. त्यामुळे संशयाच्या गोष्टी सर्वांत जास्त पसरल्या.

हौशी तर्क कुठे फसले?

बहुतेकांचे तर्क वरवर शहाणपणाचे वाटतील असेच होते. म्हणूनच ते तपासून पाहण्यासारखे आहेत.

*‘फोन बाकावर आणि मीटिंग चालूच. म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठेवला.’* मीटिंग नुसती ऐकायची असेल तर फोन बाजूला ठेवून माणूस दुसरं काही करू शकतो. वस्तू विचित्र जागी सापडली म्हणजे ती कुणीतरी मांडून ठेवली असं होत नाही. अपघाताच्या जागा नेहमीच अशा अर्धवट दिसतात, कारण माणूस कामाच्या मधेच नाहीसा झालेला असतो.

*‘पाण्यात पडली तर ओरडली असती, धडपड केली असती.’* या तर्काला सर्वांत जास्त लोक भुलले. त्या दिवशी नदीचं पाणी सुमारे ४ अंश सेल्सियस होतं. साधारण १५ अंशांपेक्षा थंड पाण्यात शरीर अचानक बुडालं की ‘कोल्ड वॉटर शॉक’ बसतो. माणूस इच्छा नसताना जोरात श्वास आत ओढतो आणि नंतर धापा टाकू लागतो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जातं. अशा वेळी एकदोन श्वासही जीवघेणे ठरू शकतात, हे मृत्युचौकशीत तज्ज्ञाच्या साक्षीतून समोर आलं. पोहता येणं इथे फारसं कामाला येत नाही. सिनेमात दिसतं तसं हातपाय मारत, हाका मारत बुडणं प्रत्यक्षात क्वचितच होतं.

*‘पाणबुड्यांनी नदी शोधली, काही मिळालं नाही. म्हणजे ती नदीत नाहीच.’* एका खासगी शोधपथकाने सोनार यंत्र घेऊन नदीचा काही भाग तीन दिवस तपासला आणि ती तिथे नसल्याचं सांगितलं. लोकांनी त्याचा अर्थ ‘ती नदीत नाही’ असा घेतला. पण तपासलेल्या भागात नसणं आणि नदीत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवाह शरीर पुढे नेतो, ते झाडांच्या मुळांत किंवा लव्हाळ्यात अडकतं आणि थंड पाण्यात वर यायला बराच काळ लागतो. गावातल्या बंधाऱ्याच्या खाली तर नदीत भरती-ओहोटीचाही परिणाम जाणवतो.

*‘पोलीस काहीतरी लपवत आहेत.’* पोलीस काही गोष्टी सांगत नव्हते हे खरं आहे. पण प्रत्येक तपासात काही माहिती राखून ठेवली जाते. कधी बेपत्ता व्यक्तीच्या खासगीपणासाठी, तर कधी साक्षीदाराने पाहिलेलं आणि ऐकीव यांतला फरक ओळखता यावा म्हणून. माहिती राखून ठेवली की त्यामागे कट असतोच असं नाही.

या चारही तर्कांमध्ये एक समान चूक आहे. ‘मला समजत नाही’ याचं रूपांतर ‘हे संशयास्पद आहे’ यात झालं. थंड पाणी, नदीचा प्रवाह किंवा पोलिसी कार्यपद्धती ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या प्रत्येक ठिकाणी गूढ दिसलं.

गावाच्या वाट्याला काय आलं?

पडद्यावरची चर्चा लवकरच गावात पोहोचली. दूरदूरच्या शहरांतून लोक मोबाइल घेऊन येऊ लागले. नदीपलीकडच्या एका रिकाम्या घराभोवती आणि खासगी जागांत शिरून चित्रीकरण झालं. पोलिसांना लोकांना त्या भागातून हटवण्याचे आदेश काढावे लागले. ब्रिटिश कायद्यानुसार असा आदेश जास्तीत जास्त ४८ तासांसाठी असतो.

स्थानिक लोकप्रतिनिधींना दुष्ट हेतूने संदेश पाठवल्याच्या संशयावरून दोघांना अटक झाली. कुटुंबातल्या माणसांवर उघड संशय घेतला गेला. घरातला माणूस हरवल्याचं दुःख असताना त्याच माणसांना आपण निर्दोष आहोत हे अनोळखी लोकांना पटवत बसावं लागलं. मृतदेह नदीतून बाहेर काढला जात असतानाचं चित्रीकरणही एकाने केलं आणि ते इंटरनेटवर टाकलं.

पोलिसांच्या कामावरही याचा परिणाम झाला. खोटी माहिती, आरोप आणि अफवा यांमुळे तपासाचं लक्ष विचलित झाल्याचं १५ फेब्रुवारीच्या पत्रकार परिषदेत तपास अधिकाऱ्यांनी सांगितलं. कळवलेली प्रत्येक गोष्ट, कितीही भन्नाट असली तरी, कुणीतरी वाचावी लागते. तेवढे तास खऱ्या कामातून जातात.

मृतदेह सापडल्यावरही हे थांबलं नाही. एप्रिलमध्ये कॉरोनरच्या सूचनेवरून पोलीस पाणबुडे काही माहिती घ्यायला पुन्हा नदीत उतरले, तेव्हा लगेच नव्या अटकळी सुरू झाल्या.

पोलिसांचं काही चुकलं का?

चुकलं. सगळा दोष टिकटॉकवर टाकून चालणार नाही.

त्याच १५ फेब्रुवारीला पोलिसांनी सांगितलं की काही वैयक्तिक कारणांमुळे ती महिला पहिल्यापासून ‘अतिजोखीम’ गटात धरली होती. ती कारणं कोणती यावर तर्क सुरू झाले. मग संध्याकाळी पोलिसांनी तिच्या आरोग्याविषयीची आणि मद्यपानाविषयीची खासगी माहितीच जाहीर केली. त्यावर तीव्र टीका झाली. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनीही चिंता व्यक्त केली. पुढे मृत्युचौकशीत दिसलं की मद्याचा या मृत्यूशी काही संबंध नव्हता.

ब्रिटनमध्ये पोलिसांच्या प्रशिक्षणाचं आणि कार्यपद्धतीचं काम पाहणाऱ्या कॉलेज ऑफ पोलिसिंग या संस्थेने या सगळ्याची समीक्षा केली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला. प्रत्यक्ष शोध आणि तपास चांगला झाला होता, असं त्यात म्हटलं आहे. मात्र ती खासगी माहिती जाहीर करणं टाळता येण्यासारखं आणि अनावश्यक होतं. पोलिसांनी विश्वासार्ह पत्रकारांना वेळीच पार्श्वभूमी समजावून सांगितली नाही. त्यामुळे माहितीची पोकळी तयार झाली आणि ती अफवांनी भरली.

यातून निघणारा धडा दुहेरी आहे. पोलीस फार कमी बोलले तर अफवा वाढतात. गडबडीत जास्त बोलले तर हरवलेल्या माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला पडतो आणि अफवा तरीही वाढतात.

हौशी तपास कधी उपयोगी पडतो?

अमेरिकेतली काही उदाहरणं दुसरी बाजू दाखवतात.

केंटकी राज्यात १९६८ साली एका अनोळखी तरुणीचा मृतदेह ताडपत्रीत गुंडाळलेला सापडला होता. टॉड मॅथ्यूज नावाच्या एका सामान्य कामगाराने बेपत्ता व्यक्तींच्या ऑनलाइन नोंदी चाळत, वर्णनं जुळवत तिची ओळख शोधली. १९९८ मध्ये डीएनए चाचणीने ती पक्की झाली. पुढे अनोळखी मृतदेह आणि बेपत्ता व्यक्ती यांच्या नोंदी जुळवणाऱ्या स्वयंसेवी गटांना यातून बळ मिळालं.

२०१८ मध्ये फ्लोरिडातल्या बिग सायप्रस या संरक्षित पाणथळ भागात तंबूत एका पदयात्रीचा मृतदेह सापडला. जवळ फोन नव्हता की ओळखपत्र नव्हतं. वाटेत भेटलेल्या लोकांकडे त्याचे फोटो मात्र होते. हौशी गटांनी ते फोटो फिरवले आणि डीएनए चाचणीसाठी वर्गणी काढली. शेवटी त्याच्या जुन्या परिचितांनी फोटो ओळखला. २०२१ च्या सुरुवातीला ओळख निश्चित झाली.

२०२१ मध्ये वायोमिंगच्या जंगलभागात एक तरुणी बेपत्ता होती. त्याच रस्त्याने गेलेल्या एका कुटुंबाला आपल्या प्रवासाच्या चित्रीकरणात तिची पांढरी व्हॅन दिसली. त्यांनी ते चित्रीकरण अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेला दिलं आणि शोधाचा भाग ठरवायला मदत झाली.

या तिन्ही ठिकाणी हौशी लोकांनी नोंदी जुळवल्या, फोटो पोहोचवले किंवा स्वतःजवळचा पुरावा दिला. गुन्हेगार कोण हे त्यांनी जाहीर केलं नाही. पक्की ओळख चाचणीने किंवा तपास यंत्रणेने केली.

याच्या उलट, २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर रेडिट या संकेतस्थळावर लोकांनी छायाचित्रं जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्यालाच संशयित ठरवलं. त्याचा स्फोटाशी काही संबंध नव्हता. नंतर त्याचा मृतदेह सापडला. त्याला शोधणाऱ्या कुटुंबावर शिव्याशापांचा मारा झाला होता. रेडिटने जाहीर माफी मागितली.

महाराष्ट्रात या विषयाचं काय?

आपल्याकडे अशी चर्चा बहुतेक वेळा व्हॉट्सॲपच्या गटांत होते. तिचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा इथे दिसलं. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. त्या संशयावरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणं हे त्यांचं पारंपरिक जगणं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली.

इंग्लंडमध्ये हौशी तपासाचे बळी नाव असलेले शेजारी आणि नातेवाईक होते. इथे ते भटकंती करणारे, परगावचे, गावाला अनोळखी असे लोक होते. संशय पडतो तो आपली बाजू मांडायची सोय ज्याच्याकडे सर्वांत कमी असते त्याच्यावर, हे दोन्हीकडच्या अनुभवांतलं महत्त्वाचं अंतर आहे.

तुमच्या ओळखीतलं कुणी बेपत्ता झालं तर

- २४ तास थांबू नका. तक्रार देण्यापूर्वी इतका वेळ थांबावं लागतं असा कायदा नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच ‘मिसिंग’ची नोंद करा. तातडीच्या मदतीसाठी ११२, लहान मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.
- मूल १८ वर्षांखालचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनुसार पोलिसांनी गुन्हा नोंदवून, अपहरण किंवा तस्करीची शक्यता धरून तपास करायचा असतो. नुसती नोंद करून परत पाठवलं जात असेल तर गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा.
- आवाहन एकच ठेवा. अलीकडचा फोटो, कपड्यांचं वर्णन, शेवटचं दिसल्याची जागा आणि वेळ, पोलीस ठाण्याचा क्रमांक एवढं पुरे. तारीख जरूर लिहा, नाहीतर तोच संदेश दोन वर्षांनीही फिरत राहतो. घरातल्या भांडणांची, आजारपणाची माहिती त्यात घालू नका.
- घरचा मोबाइल क्रमांक जाहीर करण्याआधी विचार करा. पैसे उकळणारे आणि खोटी माहिती देणारे त्याच क्रमांकावर फोन करतात.

पाहणाऱ्यांपैकी असाल तर

- काही प्रत्यक्ष पाहिलं असेल, किंवा गाडीच्या अथवा दुकानाच्या कॅमेऱ्यात काही असेल, तर ते पोलिसांना द्या. कॅमेऱ्यातलं चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून आधी ते जपून ठेवा.
- संशयिताचं नाव, फोटो किंवा गाडीचा क्रमांक गटावर टाकू नका. बदनामीबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, आणि द्वेष किंवा घबराट पसरवणाऱ्या खोट्या माहितीबद्दल कलम ३५३ खाली कारवाई होऊ शकते.
- घटनास्थळी विनाकारण जाऊ नका. पायांचे ठसे, वास, खुणा मोडल्या तर श्वानपथकाचा उपयोग राहत नाही. शोधात मदत करायची असेल तर पोलीस पाटील किंवा पोलिसांच्या सांगण्यानुसार, ठरवून दिलेल्या भागात करा.
- व्यक्ती सापडली की जुनं आवाहन पुसून टाका आणि जिथे पाठवलं होतं तिथे ‘सापडली’ असं कळवा. लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं असेल तर पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे (भारतीय न्याय संहिता कलम ७२, मुलांच्या बाबतीत पोक्सो कायदा कलम २३). आदल्या दिवशी मदत म्हणून पुढे पाठवलेला फोटो दुसऱ्या दिवशी तिची ओळख उघड करू शकतो.

एखादा संदेश पुढे पाठवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारता येईल: यातून माणूस शोधायला मदत होते आहे, की फक्त दोषी ठरवायला? पहिल्या प्रकारचा संदेश जेवढ्या लोकांपर्यंत जाईल तेवढा चांगला. दुसऱ्या प्रकारचा संदेश पोलिसांना कळवा आणि तुमच्यापुरता तिथेच थांबवा.